बायडाबाईचं सरण

बायडाबाईला एखादा माणूस पसंत पडला, असं कादवेकाठच्या त्या गावात कोणाला आठवत नाही. सरपंच तिच्या लेखी बुजगावणं. सोसायटीचा चेअरमन म्हणजे भिंतीवरची पाल. पोटचा पोरगा ललित म्हणजे पाण्यात पडलेली भाकर, धड खाता येत नाही, धड फेकवत नाही. सून प्रतिभा त्यातल्या त्यात बरी, म्हणून तिला ती नुसतं ‘शिकलेली’ म्हणायची. पण म्हणायची अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरीला काहीतरी दुखणं आहे.

माहेर तिचं देवळ्याकडचं, अहिराणी बोलणाऱ्या मुलखातलं. कादवेकाठी नांदायला येऊन केस पिकले, तरी राग आला की जीभ माहेरी पळायची. ‘हाई काय शे?’ असं तिनं विचारलं की समोरच्यानं समजावं, आपली आता धडगत नाही.

तर अशा या बाईचा दुनियेत कोणावर भरवसा नव्हता. म्हणून तिनं आपलं सरण जितेपणीच रचून ठेवलं होतं.

यात वेगळं काही नाही. जुनी माणसं करतात असं. कोणी कोरं पातळ पेटीच्या तळाशी ठेवतं, कोणी गंगेच्या पाण्याचा गडू जपतं, कोणी चार गवऱ्या बाजूला काढतं. बायडाबाईनं लाकडं ठेवली, कारण लाकडांनी तिचं एकदा नाक कापलं होतं.

तिचा नवरा पुंजाराम गेला तो ऐन श्रावणाच्या झडीत. घरात वाळलं लाकूड नाही, गावात नाही. मयताला घरटी एकेक लाकूड न्यायची तिकडं रीतच आहे, त्यामुळं ज्यानं त्यानं खांद्यावर आणलं, पण आणलं ते सगळं ओलं. डिझेल ओतलं, ट्रॅक्टरचं टायर टाकलं, तरी ते सरण आपलं धुमसतच राहिलं. सावडायला गेलेली माणसं खाली माना घालून परत आली. बाया मसणात जात नाहीत, तेव्हा बायडाबाईला कळायचं काही कारण नव्हतं. पण शेजारच्या वावराचा मालक गोरक्ष पारावर बसून बोलून गेला, “पुंजातात्या उभ्या जन्मात कोणत्या कामाला भिडला नाय. जळायच्या कामालाबी नाय भिडला.” लोक हसले. ते हसू दिवे लागायच्या आत बायडाबाईच्या ओट्यावर पोचलं.

आता खरं सांगायचं तर गोरक्ष खोटं बोलला नव्हता. पुंजाराम होताच तसा, खाटेला पाठ लावली तर खाटही थकून जावी. बायडाबाई हे त्याच्या तोंडावर म्हणायची. पण आपल्या कुत्र्याला आपण लाथ घालणं वेगळं आणि शेजाऱ्यानं घालणं वेगळं.

मग तिनं लाकडं जमवायला घेतली. विहिरीवरचा आंबा वादळात पडला, त्याचं खोड ठेवलं. बांधावरची बाभळ तोडली, ती ठेवली. पुंजारामाच्या वेळची जुनी द्राक्षबाग मोडून तिनं नवी लावली, तेव्हा निघालेली मनगटाएवढी जाड खोडं, तीही एकावर एक रचली. बागेच्या वरच्या डोक्याला, दगडांच्या बैठकीवर, वर पत्रा टाकून, पत्र्यावर धोंडे ठेवून. थेंबभर पाणी आत जाऊ नये अशी सोय. होळी जवळ आली की गावची पोरं लाकडं चोरत फिरतात. त्या आठवड्यात ही बाई सरणावरच गोधडी टाकायची. जितेपणी सरणावर घोरणारी बाई पाहिली की पोरं पळायची, आणि मोठी माणसंही जरा लांबून जायची.

“मेल्यावर कोणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाय,” ती म्हणायची. “काडी तेवढी ललितनं लावायची. तीबी मी उशाला ठेवली हे.”

आता या सगळ्यात ज्याचं फावलं, त्या भुंगेऱ्याची कथा ऐका. याच्याइतका फुकटखाऊ जीव देवानं दुसरा घडवला नसेल. मादी लाकडाच्या भेगेत, नाहीतर सुटलेल्या सालीखाली कणीएवढी अंडी घालते आणि चालती होते. मागं वळून बघायची पद्धत नाही. अंड्यातून अळी निघते. पांढरी, मऊ, पायांचा पत्ता नाही, नुसतं तोंड. पण तोंड असं, की वाळून खडंग झालेली बाभळ ते शिळ्या भाकरीसारखी कुरतडतं. ही अळी एकदा आत शिरली की वर्षानुवर्षं एकच धंदा. पुढून खायचं, मागून भुसा सोडायचा, आणि त्याच भुशात लोळायचं. दुष्काळ पडो, निवडणूक होवो, घरातलं कोणी मरो, हिचं जेवण चालू. वरून लाकूड जसंच्या तसं. लबाडाला बाहेरची भिंत शाबूत ठेवायची अक्कल मात्र असते.

पुरती माजली की ती आतल्या आत कोष करते, आणि मिरगाच्या सुमाराला गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. तांबूस, लवदार, बोटाच्या पेराएवढा. मिश्या मात्र अंगापेक्षा लांब. नवरदेवाच्या भावानं वरातीत मिरवावं तसा त्या मिश्या मिरवत दिवेलागणीला उडतो. बरं, एवढी वर्षं खाल्ल्यावर करतो तरी काय? तर काही नाही. मोठा झाल्यावर धड खातही नाही. थोडे दिवस मादीमागं पळतो, बल्बवर टाळकं आपटतो आणि मरतो. एवढ्यासाठी तेवढं लाकूड!

बायडाबाईचं सरण म्हणजे याची सासुरवाडी झाली. वाळलेलं खाणं, वर पत्रा, आणि कोणी हात लावू नये म्हणून दाराशी राखण बसलेली. जुन्या बागेच्या खोडांतून तो आयता आलेला होता, आंबा-बाभळीत पसरला, आणि तिथं गर्दी झाल्यावर त्याच्या माद्या शेजारी बघायला लागल्या. शेजारी होती बायडाबाईची नवी बाग.

ही बाग तिची होती, नुसती कागदावर नाही. ड्रीप नव्हतं तेव्हा एकेका खुंटरोपाला तिनं डोक्यावरून घागर आणून घातली होती. कलमं बांधायला कारागीर आले, तर त्यांच्या मागं ही उभी. दुनियेत तिला नावं ठेवायला जागा सापडली नाही अशी एकच वस्तू, ती म्हणजे ही बाग.

त्या साली एप्रिलची खरड छाटणी झाली आणि बाग फुटली. सगळी फुटली, पण सरणाकडच्या ओळी बोडक्याच राहिल्या. काही वेलींना टीचभर फुटवे आले, त्यांनीही माना टाकल्या. ललितनं पाणी वाढवलं, मग पाणी तोडलं. औषधाच्या दुकानदारानं जे जे दिलं ते ते ड्रीपमधून सोडलं. वेली मेल्या त्या मेल्याच. खोडाच्या बुडाशी पिवळट भुशाच्या ढिगुळ्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यानं महेशला बोलावलं.

महेश म्हणजे बागेचा डॉक्टर. तिकडं द्राक्षाच्या सल्लागाराला डॉक्टरच म्हणतात. माणसाला ताप आला तर दोन दिवस अंगावर काढतील, पण बागेला डॉक्टर तासात आणतील. महेश आला, गॉगल कपाळावर चढवला, एका खोडाची साल चाकूनं उचलली, मग वर बघत बघत बागेच्या डोक्याशी गेला.

“आजी, हे काय रचून ठेवलंय?”

“माझं सरण.”

महेश हसला. कोणीच हसत नाही हे बघून थांबला. मग त्यानं एक ओंडका ठोकला, त्याच्या भोकातून भुसा गळला.

“आजी, खोडकिडा इथं वाढतोय आणि इथनं बागेत उतरतोय. पाऊस पडायच्या आत भुंगेरे निघतील. त्याच्या आधी हे जाळून टाका.”

“जाळायचंच हे. मी त्यावर पडले का मंग.”

“तोवर बाग राहणार नाही.”

“आरं, हे लाकूड इतक्या वर्षांचं. बाग त्याच्या शेजारी वाढली. तव्हा नव्हता किडा? तू आला नि किडा आला?”

“तेव्हाही होता. आत होता.”

“आत तं तुझ्याबी डोक्यात काय काय आसंल. फोडून बघू का?”

महेशनं गॉगल डोळ्यावर ओढला आणि गाडीला किक मारली. ललितच्या कानात तेवढं सांगून गेला, की या ओळी गेल्याच समजा, पुढच्या साली निम्मी बाग.

त्या दिवशी जेवताना ललितनं हिंमत केली. “आई, ते ढिगाड गेलं नाय तं मी बाग तोडतो. गंगापूर रोडला मेव्हण्याचं टाइल्सचं दुकान हे, तिढं बसतो.”

“बस की. बसायचं काम तुला जमंल. बापानं तेवढंच शिकवलं.”

“आन् सरणाचं काय एवढं? नाशकात विद्युतदाहिनी हे. बटण दाबलं का झालं.”

“मी काय पापड हे का, बटण दाबून भाजायला?”

प्रतिभा ताटात बघून हसली. मग म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या वेळेला लाकडं मी आणीन. शब्द देते.”

“तू? तुला गॅस पेटवायला लायटर सापडत नाय.”

बोलली खरी, पण घास तिच्या तोंडात फिरत राहिला. बाग तोडतो म्हणाला पोरगा. हा गाढव बोलल्यासारखं करायचा नाही एरवी. पण तोडायचं काम सोपं असतं, ते त्याला जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घर पेंगलेलं असताना, ती एकटी सरणाशी जाऊन बसली. वारा पडला होता. आणि त्या शांततेत तिला आवाज आला. कुरुकुरु. कुरुकुरु. हा आवाज तिनं आधीही ऐकला होता, होळीच्या दिवसांत गोधडीत पडल्या पडल्या. उंदीर असतील म्हणून सोडून दिला होता. आज तिनं पत्र्यावरचे धोंडे काढले, पत्रा सरकवला आणि विहिरीवरच्या आंब्याचा ओंडका ओढला. त्याला आणायला गडी आणि दोरखंड लागले होते. म्हणून तिनं पाय रोवले, कंबर बांधली आणि सगळा जोर लावला. ओंडका असा काही फुलासारखा हातात आला, की बायडाबाई मागच्या मागं बुडावर बसली.

कुऱ्हाड घातली तर लाकूड फुटलं नाही, खारी बिस्किटासारखं चुरलं. आत नुसतं पीठ. दळून चाळून ठेवल्यासारखं बारीक, बोळात ठासून भरलेलं. आणि त्या पिठात अंगठ्याएवढी जाड अळी, पांढरीफटक, पोट सुटलेली, उजेड लागला म्हणून वळवळणारी.

“हाई काय शे?” बायडाबाईनं विचारलं.

अळी गावातली नव्हती, त्यामुळं ती भ्याली नाही.

बायडाबाईनं दुसरा ओंडका फोडला. तिसरा. बाभळही तशीच. जुन्या बागेची खोडं तर हातात घेतली की मोडत होती. ती तिथंच फतकल मारून बसली आणि तिच्या डोळ्यांपुढं सगळं चित्र उभं राहिलं. आपल्याला यावर निजवलं असतं. काडी लागताच हे काडाच्या गंजीसारखं भपकन पेटून विझलं असतं, आणि आपण वर तशाच, निम्म्या कच्च्या. मग परत डिझेल. परत टायर. आणि पारावर गोरक्ष.

तिला चीड आली ती या गोष्टीची, की राखण तिनं केली आणि जेवला हा. होळीच्या पोरांना तिनं दगड मारले, आणि चोर तर आत घरजावई होऊन बसलेला. उभा जन्म माणसांना नावं ठेवण्यात गेला, आणि फसवलं कोणी? ज्याला धड पायसुद्धा नाहीत त्यानं. तिनं अळी चिमटीत उचलली, घरी आणली आणि कोंबडीपुढं टाकली. कोंबडीनंही आधी दोनदा मान वाकडी करून बघितलं, मग गिळली.

“जाळायचं,” तिनं प्रतिभाला सांगितलं. “पण फुकट कशाला? कोणाच्या कामाला येतं का बघ.”

कोणाच्याही कामाला आलं नाही. वीटभट्टीवाला म्हणाला, सरणाच्या लाकडावर भाजलेल्या विटांचं घर कोण बांधंल? रस्त्यावरचा ढाबेवाला म्हणाला, “मावशी, तुमचं सरण चहाखाली घालू व्हय? गिऱ्हाईक पळंल.” फुकटचं म्हटल्यावर भिंतीची माती नेणारं गाव ते, पण या ढिगाला कोणी हात लावीना. ललितला पेटव म्हटलं, तर तो दोन पावलं मागं सरला.

“आई जिती असताना आईचं सरण पेटवू? लोक शेण घालतील तोंडात.”

“तुव्हं तोंड तेवढं मोठं नाय.”

तरी तो गाडी काढून नाशिकला गेलाच. ड्रीपचं सामान आणायचं म्हणाला. सामान आणायचं असलं की कसं तोंड होतं आणि पळून जायचं असलं की कसं, हे आईला कळत नाही का?

मग सासूसुनांनीच कंबर बांधली. बागेला आच लागायला नको म्हणून सगळा ढीग खालच्या पडीत वावरात न्यायचा होता. जे आणायला बैलगाडीच्या खेपा झाल्या होत्या, ते दोन बायांनी हातांवर उचलून नेलं. भुसा सांडू नये म्हणून प्रतिभानं खाली ताडपत्री धरली. ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. बायडाबाईनं ते पाहिलं, आणि काही वाईट बोलली नाही. मग उशाखालची काडेपेटी आणून, पदर खोचून, तिनं स्वतःच्या हातानं आपलं सरण पेटवलं.

भपकन पेटलं. तिला वाटलं होतं तसंच.

धूर वर गेला आणि तो पहिल्यांदा दिसला गोरक्षला. आता गावात शेंबड्या पोरालाही माहीत, की बायडाबाईच्या लाकडांना बायडाबाई मेल्याशिवाय काडी लागायची नाही. गोरक्षनं चौकशी केली नाही. मोबाईल काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘बायडामावशी अनंतात विलीन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ वर फोटो. कोणाच्या तरी वास्तुशांतीतला, तोंडात जिलबी असलेला. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, ‘प्रेमळ व्यक्तिमत्त्व हरपलं.’ हे लिहिणाऱ्याला बायडाबाईनं मागच्याच आठवड्यात बांधावरून हाकललं होतं.

आणि मग माणसं निघाली. कळवलं नाही म्हणून ललितला शिव्या घालत, पण निघाली. रीत आहे म्हणून हातात जे सापडलं ते घेऊन. बांधावरून रांगेनं येताना दिसली तेव्हा कोणाच्या खांद्यावर फांदी, कोणाच्या पाटीत गवऱ्या, आणि पुढं गोरक्ष, बाभळीचा जाडजूड ओंडका खांद्यावर घेऊन, चेहरा पडलेला. चेअरमन तेवढा मोकळ्या हातानं, रुमाल नाकाला लावून.

जवळ येऊन बघतात तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, द्राक्षाचं क्रेट उपडं घालून त्यावर बायडाबाई बसलेली. हातात काठी. जाळातून निसटणारं लाकूड ती काठीनं परत आत ढकलत होती. प्रतिभा फोन कानाला लावून ओरडत होती, “अहो, जित्या हेत! हो, बसल्यात! शिव्या देऊ ऱ्हायल्या, ऐका!”

गोरक्षचा ओंडका खांद्यावरच राहिला. “मावशी… तुमी हे?”

“का? अडचण झाली?”

“नाय, धूर दिसला. म्हटलं गेल्या.”

“म्हटलं नाय, टाकलं म्हण. ग्रुपवर. शिकलेलीनं दाखवलं मला. दुसरा फोटो नव्हता का रे? गाल बघ माझा, गळू झाल्यावानी.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बायडाबाईनं रांगेवर नजर फिरवली. फांद्या, गवऱ्या, वाळलेली लाकडं. चेअरमनचे मोकळे हात तिनं बघून ठेवले, ते कामाला येणार होते. बाकीच्यांची लाकडं मात्र तिनं एकदा मोजली, परत एकदा मोजली. मग तिची नजर गोरक्षच्या ओंडक्यावर आली, आणि ती उठली. काठीनं ओंडका ठोकला. आवाज आला तो बद्द.

“कुढून आणलं हे?”

“घरामागच्या ढिगातलं. वाळेल हे, एकदम खणखणीत.”

“खणखणीत?” तिनं परत ठोकलं. गोल भोकातून पिवळा भुसा गळला आणि गोरक्षच्या बंडीवर पसरला. “माझ्या मयताला पोखरलेलं आणतो?”

“वरून काय दिसतंय, मावशी?”

“तुव्हंबी वरून काय दिसत नाय. टाक त्यात. आन् घरी जाऊन तो सगळा ढीग आण. तुव्ही बाग माझ्या बांधाला लागून हे. तुव्हे भुंगेरे मी पोसायचे का?”

गोरक्षनं ओंडका जाळात टाकला. तो भपकन पेटला आणि सगळ्यांनी पाहिला. मग लोक आपापल्या खांद्यावरचं लाकूड हळूच ठोकून बघायला लागले. ज्याचं बद्द वाजलं त्यानं जाळात टाकलं, ज्याचं टणक वाजलं त्यानं बगलेत धरलं. चेअरमन उगाच आपला रुमाल झटकत राहिला.

ललित पोचला तो घामाघूम. गंगापूर रोडवरून गाडी कशी आणली त्यालाच ठाऊक. आईला क्रेटवर बसलेली बघून त्याचे डोळे भरून आले, तो पुढं झाला.

“रडू नको,” बायडाबाई म्हणाली. “जाळावर पाणी पडंल. उद्या बाया सांग, राहिलेल्या वेलींची सुटलेली साल काढायची हे. त्या डॉक्टरलाबी बोलव. आन् दुकानात बसायचं आसंल तं आत्ताच जा, नाय तं बागेत ये.”

ललितनं गाडीची चावी खिशात टाकली आणि बाप्यानं करायचं म्हणून एक जळकं लाकूड पायानं आत सारलं. पाय भाजला. तेही आईनं पाहिलं.

तोवर गोरक्षनं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घरामागचा ढीग आणला होता. एकेक लाकूड फेकता फेकता त्याला राहवलं नाही.

“मावशी, एक विचारू? आता सगळंच जाळलं. मंग तुमच्या टायमाला…?”

बायडाबाईनं काठी टेकली, बगलेत टणक लाकडं धरून उभ्या असलेल्या गावाकडं एकदा पाहिलं आणि मग गोरक्षकडं वळली.

“माझ्या टायमाला ठोकून आणायचं,” ती म्हणाली. “बद्द वाजणारं आणलं ना, तं मी उठून बसन.”